थरथरता पाट

माणगाव सोडून म्हसळ्याकडे वळले की गाडी जी हाडे खिळखिळी करायला लागते, ती थेट दिवेआगरच्या नारळी-पोफळींत नेऊन सोडीपर्यंत. मराठीच्या मास्तराने दिवेआगरला जावे ते शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या ताम्रपटाचे स्मरण करीत. मी आपला जातो मामीच्या हातच्या पोह्यांसाठी. गेल्या दिवाळीत मात्र पोह्यांच्या आधी एक निराळीच वस्तू पुढे आली. पडवीत, झोपाळ्याशेजारी, एक जाडजूड काळी फळी आणि तिला विजेची तार.

“हा काय प्रकार, मामी?”

“थरथरता पाट. तुझ्या भावानं मुंबईहून धाडलाय. नुसतं उभं राहायचं, व्यायाम आपोआप होतो म्हणे. तू चढ आधी. पोट बघ जरा स्वतःचं!”

चढलो. बटण दाबताच चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, दातांवर दात वाजू लागले आणि ‘मामी’ या दोन अक्षरांची सहा अक्षरे झाली. दहा मिनिटांनी उतरलो तेव्हा पोटऱ्यांना मुंग्या आल्या होत्या आणि मोठा पराक्रम केल्यासारखे वाटत होते. वास्तविक मी केले काय? उभा राहिलो! हा संशय मनात राहिला आणि परत आल्यावर मी जरा वाचन केले.

या पाटाची वंशावळ जुनी आहे. पॅरिसचे विख्यात मज्जातंतुतज्ज्ञ शार्को यांना कंपवाताचे रोगी सांगत, की आगगाडीचा लांबचा प्रवास केला म्हणजे बरे वाटते. त्यावरून त्यांनी हादरणारी खुर्चीच करविली; १८९२ मधली ही गोष्ट. (या हिशेबाने आमच्या म्हसळ्याच्या रस्त्यालाही दवाखान्याचा मान द्यायला हरकत नाही.) पुढे २०१२ मध्ये अमेरिकेत हा प्रयोग पुन्हा झाला. काही रोगी हादरणाऱ्या खुर्चीत बसविले, काही न हादरणाऱ्या. सुधारणा दोघांनाही सारखीच!

मेंढ्यांचे मात्र भले झाले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मेंढ्यांना वर्षभर रोज वीस मिनिटे अगदी मंद थरथरीवर उभे केले, तर मांडीच्या हाडाच्या आतल्या जाळीची घनता ३४ टक्क्यांनी वाढली. जगभर आशा पालवली. मग कॅनडात पाळी गेलेल्या २०२ स्त्रियांवर बारा महिने तसाच प्रयोग झाला. २०११ मध्ये निकाल लागला: हाडांत काही फरक नाही. मेंढीचे गणित मामीला लागू पडत नाही, एवढे त्यातून कळले.

मग पाट अगदीच टाकाऊ का? तसेही नव्हे. फळी सेकंदाला वीस-तीस वेळा हलते, तोल सांभाळायला स्नायू आपोआप आवळतात. तिच्यावर पाय ठेवून पोटरीला किंवा मांडीच्या मागच्या बाजूला ताण दिला तर शरीर थोडे अधिक वाकते, निदान त्या वेळेपुरते. ज्यांना चालणे-फिरणे झेपत नाही अशा वयस्कांच्या पायांत थोडे बळ आल्याचेही काही चाचण्यांत दिसले आहे. पण नुसते उभे राहून चरबी वितळते, हे खोक्यावरचे वाक्य खोक्यावरच ठेवावे. गरोदरपणी, छातीत पेसमेकर असताना, पायात रक्ताची गाठ असताना किंवा नुकती शस्त्रक्रिया झाली असताना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यावर पाऊल ठेवू नये.

मामीला यांतले काही नव्हते. तिचे दुखणे वेगळेच होते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आले आणि एका दुपारी वाडी आडवी झाली. तोवर मामीचा दिवस वाडीतच जाई. वाकून पडलेल्या सुपाऱ्या वेचायच्या, झावळ्या ओढायच्या, उकिडवे बसून सुपारी सोलायची. पोफळी गेल्या तसे वाकणेही गेले. पुन्हा रोपे लावली, पण सुपारी धरायला पाच-सहा वर्षे हवीत. तेवढ्यात गुडघे आखडले. श्रावणात विहिरीपाशी पाय घसरला. हाड मोडले नाही, पण धीर मोडला. तेव्हापासून मामी पडवीची पायरी उतरेना.

हे सारे कळूनही मी रात्री मामेभावाला फोन करून यंत्राबद्दल चार शब्द सुनावलेच. तो शांतपणे म्हणाला, “दादा, तिचा हात धरायला मी तिथं नाही. मग मी काय पाठवायचं?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण तालुक्याच्या डॉक्टरांनी मामीला एक व्यायाम सांगितला होता. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचे, बसायचे. फुकटचा म्हणून तो कुणी मनावर घेतला नव्हता. ‘रोज संध्याकाळी फोनवर तिला बघतोसच, तर पाटाची चौकशी करण्यापेक्षा ते दहा आकडे तू मोज,’ एवढेच मी त्याला सांगितले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला फोन देव्हाऱ्याच्या कोनाड्याला टेकवला. मामी उठली, बसली. तिकडून मुंबईचा आवाज, “पाच... सहा...” सातव्याला तिने खांबाकडे हात नेला.

“खांब नाही, आई!”

“अरे, पदर सावरत्येय!” म्हणत मामी उठली. आठव्यानंतर दम खायला थांबली, आणि मग मला म्हणाली, “तू काय बघत बसलायस? घे ती दुसरी खुर्ची.”