ट्रॉलर कोणाचा, समुद्र कोणाचा?

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापणकर आणि ट्रॉलरवाले यांच्यात वारंवार खटके उडतात आणि त्यांचे वर्णन ‘स्थानिक विरुद्ध परप्रांतीय’ असे केले जाते. बोटमालकांना हे वर्णन फार सोयीचे आहे. भांडणाचे मूळ मात्र बोटीच्या नोंदणी क्रमांकात नसून तिच्या जाळ्यात आणि त्यामागच्या हिशेबात आहे.

ट्रॉलरचे जाळे म्हणजे शंकूच्या आकाराची प्रचंड पिशवी. तोंडाशी दोन्ही बाजूंना जड फळ्या जोडलेल्या असतात. बोट चालू लागली की पाण्याच्या दाबाने त्या एकमेकींपासून दूर सरतात व जाळ्याचे तोंड उघडे राहते. वरच्या दोराला तरंगते गोळे, खालच्या दोराला शिसे किंवा साखळी. असे जाळे तळ खरवडत तासन्‌तास ओढले जाते. कोळंबी तळाशी असते आणि परदेशांत भाव कोळंबीला होता. पण कोळंबीबरोबर माशांची पिल्लेही येतात. ती कुटीच्या भावाने मासळीचे पीठ करणाऱ्या कारखान्यांकडे जातात. जाळ्याचा आस मोठा ठेवा, असे कायदा सांगतो. परंतु शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ताण पडताच मिटतो. डेकवर मोजलेले माप पाण्यात उरत नाही. चौरस आस उघडा राहतो, म्हणूनच तो मालकाला नको असतो. डोल जाळ्यातही पिल्ले सापडतात, हे कबूल केले पाहिजे. पण डोल भरती-ओहोटीची वाट पाहत एका जागी उभी असते, माशांच्या मागे डिझेल जाळीत धावत नाही.

१९५२ च्या करारानंतर नॉर्वेच्या साहाय्याने केरळात यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प सुरू झाला, तो गरीब मच्छीमारांच्या नावाने. कोळंबीच्या निर्यातीत नफा दिसताच ज्यांनी कधी वल्हे धरले नव्हते त्यांचे पैसे ट्रॉलरमध्ये उतरले. १९७० च्या दशकात गोव्यातील रापणकार रस्त्यावर आले. त्यानंतर गोव्यात १९८० साली आणि महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. किनाऱ्यालगतच्या पाण्यात ट्रॉलरना मज्जाव झाला, तो बव्हंशी कागदावर. २०२१ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात दंड लाखांच्या घरात नेला. परंतु गस्तीची बोटच वेळेवर पोहोचत नसेल तर दंड लावायचा कोणाला? बड्या मालकाच्या वहीत तो बर्फ आणि डिझेल यांच्या शेजारी खर्च म्हणून पडतो.

यात एका माणसाचा विसर पडतो. किनाऱ्यावरच्या संतापात जो मार खातो तो मालक नव्हे, खलाशी असतो. रत्नागिरीच्या बंदरातील कितीतरी खलाशी नेपाळच्या डोंगरांतून आलेले आहेत. रापणकराच्या बाजूने उभे राहणाऱ्या कार्यकर्त्याने सायंकाळी जेटीवर जाऊन या माणसांशीही बोलले पाहिजे: नाव कोणत्या नोंदवहीत आहे, उचल किती, अपघात झाला तर घरी पैसे कोण पाठवणार? १ जूनपासून बोटी बांधल्या जातात आणि निदान ६१ दिवस समुद्र मिटतो. त्या काळातल्या खलाशाच्या मजुरीचा उल्लेख मच्छीमारांच्या निवेदनांतही क्वचितच सापडतो.