उघड्यावरील गॅसचा विस्तव व आपली जबाबदारी

आपल्या खेड्यांत गॅस आतां नवा राहिला नाहीं. सन २०१६ च्या मे महिन्यांत उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून ज्या घरांत चुलीखेरीज दुसरें साधन नव्हतें तेथेंही सिलिंडर जाऊन पोहोंचला. स्वयंपाकघरांत स्थिरावलेला हा गॅस आतां उंबरठा ओलांडून अंगणांत व मळ्यांत आला आहे. लग्नाची पंगत असो, सप्त्याचा भंडारा असो, कीं मजुरांचा चहा असो, उघड्यावर गॅसची भट्टी मांडण्याची चाल सर्वत्र पडली आहे. सन २०२० मध्यें राज्य सरकारनें कृषि-पर्यटनाचें धोरण मंजूर केलें. हुरड्याच्या दिवसांत शहरचे पाहुणे शेतावर उतरवून घेणारे कांहीं बागाईतदार त्यांच्यासाठीं पाश्चात्य पद्धतीची गॅसची शेकोटीही मांडूं लागले आहेत.

या नव्या सोयीस आमचा विरोध नाहीं. आगटीची ठिणगी उडून कडब्याची गंजी जळाल्याचीं उदाहरणें शेतकऱ्यांस सांगावयास नकोत. गॅसला ठिणगी नाहीं, धूर नाहीं, व त्यासाठीं बांधावरची बाभूळही तोडावी लागत नाहीं. परंतु सोय आली कीं तिच्या मागोमाग तिची शिस्तही यावी लागते, आणि ती शिस्त अद्याप अंगणांत आलेली नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे. घरांतील शेगडीविषयीं जो मनुष्य दक्ष असतो तोच अंगणांतील भट्टीविषयीं निर्धास्त असतो. कारण विचारल्यास उत्तर ठरलेलें: "उघड्यावर आहे; गॅस सुटला तरी वाऱ्यानें उडून जाईल." हें उत्तर अर्धेंच खरें आहे, आणि अर्धें खरें हें पुष्कळदां निखालस खोट्यापेक्षां अधिक घातक ठरतें.

हा समज बळावण्यास एक कारण आहे. आपल्यापैकीं पुष्कळांचा गॅसशीं पहिला परिचय झाला तो गोबरगॅसच्या रूपानें. गोबरगॅसमध्यें निम्म्याहून अधिक भाग मिथेन नांवाचा हलका वायु असतो, व सर्व मिळून तो हवेहून किंचित् हलकाच भरतो. उघड्यावर सुटला तर तो हवेंत विरून जातो. सिलिंडरमधील गॅसची जात अगदीं निराळी आहे. तो प्रोपेन व ब्युटेन या दोन वायूंचें मिश्रण असून दाबाखालीं द्रवरूपानें भरलेला असतो. प्रोपेन हवेच्या सुमारें दीडपट जड, व ब्युटेन सुमारें दुप्पट. असा वायु वर जात नाहीं. वारा पडलेला असेल तर तो जमिनीलगत, पाण्यासारखा, उताराकडे सरकतो व सखल जागा सांपडली कीं तेथें सांचून राहतो.

आतां आपल्या वस्तीच्या आसपास सखल जागा किती असतात तें पाहावें. विहीर, धान्याचें जुनें पेव, शेणखताचा खड्डा, गोठ्यांतील नाली, विजेची मोटार बसविलेला खड्डा. मोटारीच्या खड्ड्याचें भय विशेष. कारण बटण दाबतांच तेथें ठिणगी पडते. थोडा हिशेब करूं. दहा फूट लांब, तितकेंच रुंद व तितकेंच खोल असें पेव धरलें तर त्याचें पोट १,००० घनफूट झालें. हवेच्या शंभर भागांत या गॅसचे सुमारें दोन भाग मिसळले कीं मिश्रण पेट घेण्याजोगें होतें. म्हणजे या पेवास २० घनफूट गॅस पुरे. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरमधून सुमारें २०० घनफूट गॅस निघतो. अर्थात् सिलिंडरचा दहावा हिस्सा नकळत झिरपून पेवांत उतरला तरी तेथें काडी ओढणाऱ्याचा घात होण्यास तेवढा बस्स आहे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. चुलीचा जाळ वाऱ्यानें मंदावला तरी निखारा शिल्लक राहतो व पुन्हा पेट घेतो. गॅसची ज्योत एका झोतानें विझते; तोटी उघडी असल्यामुळें गॅस मात्र पूर्वींप्रमाणेंच सुटत राहतो. भर दुपारच्या उन्हांत निळी ज्योत धड दिसतही नाहीं; मग ती जळते आहे कीं विझली, हें पंगतीच्या गडबडींत कोण पाहतो? गळती कळावी म्हणून गॅसमध्यें उग्र वासाचें द्रव्य मुद्दाम मिसळलेलें असतें. घरांत तो वास कोंडतो व मनुष्य सावध होतो. अंगणांत मात्र तो वास भलतीकडेच निघून जातो. म्हणून शेकोटी किंवा भट्टी विकत घेतांना, ज्योत विझतांच गॅस आपोआप बंद करणारी कळ तींत आहे काय, हें प्रथम पाहावें. या कळेची युक्ति साधी आहे. ज्योतीजवळ धातूची एक बारीक सळई असते. ती तापलेली असेपर्यंत अल्पसा विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊन गॅसचें दार उघडें राहतें. ती निवतांच दार मिटतें. साध्या, जोडून घेतलेल्या भट्टींत ही कळ सहसा नसते.

परंतु या सर्वांच्या मुळाशीं खरी उणीव आहे ती जबाबदारीची. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां सामाईक खात्यांचे वाद मीं पुष्कळ पाहिले. सामाईक बांध फुटला कीं तो कोणीं घालावयाचा यावर चार भाऊ चार तोंडांनीं बोलतात, आणि तोंवर पाऊस माती वाहून नेतो. पंगतीच्या भट्टीचें तसेंच असतें. भट्टी आचाऱ्याची, रेग्युलेटर मंडपवाल्याचा, सिलिंडर शेजारपाजारच्या घरांतून गोळा केलेले, जागा यजमानाची. आणि नळी कोणाची व किती वर्षांची हें कोणासच ठाऊक नसतें. घरांतील शेगडी तपासण्यास वितरकाचा मनुष्य बोलावितां येतो. अंगणांतील भट्टी तपासणें हें कोणाचेंच काम नाहीं. बारभाईंचा हा कारभार निभावतो तोंवर निभावतो. आणि पंचनाम्यांत आगीचें कारण लिहावयाची वेळ आली कीं जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो.

सबब पहिला नियम असा असावा कीं, ज्याच्या अंगणांत वरचेवर गॅसचा विस्तव पेटतो त्यानें त्यासाठीं कायमची जागा ठरवावी. ती सपाट व थोडी उंचवट्याची असावी. विहीर, पेव, नाली वा खड्डा यांच्याकडे तिचा उतार नसावा. घर, छप्पर व झाडाच्या फांद्या यांपासून निदान दहा फूट अंतर राखावें; कडब्याच्या गंजीपासून, माझ्या मतें, शंभर फुटांहून कमी असूं नये. विजेच्या तारेखालीं भट्टी कधींही मांडूं नये. शेकोटीसाठीं विटांचा ओटा बांधावयाचा असल्यास त्याच्या तळाशीं समोरासमोर दोन बाजूंस झरोके ठेवावे. वरच्या अंगास ठेवलेला झरोका पुरेसा नाहीं. कारण जड गॅसला वाट हवी ती खालूनच. शोभेकरितां नदींतले गोटे बर्नरवर रचूं नयेत. त्यांच्या पोटांतील ओलाव्याची वाफ होऊन गोटा फुटतो व तुकडे अंगावर उडतात. या कामासाठीं मिळणारे सच्छिद्र दगडच वापरावे, व तेही कोरडे.

सिलिंडर नेहमीं उभा असावा. आडवा किंवा कलता केल्यास वायूऐवजीं द्रवच नळींत उतरतो आणि ज्योत एकाएकीं पुरुषभर उंच उठते. थंडींत मोठी भट्टी लावली कीं सिलिंडर गार पडून त्यावर दंव धरतें व ज्योत मंदावते. अशा वेळीं त्यास गरम पाण्यांत उभा करणें किंवा त्याच्या बुडाशीं विस्तव धरणें हा आत्मघातच होय. ज्योत कमी करावी, नाहीं तर वितरकाकडून दोन सिलिंडरांची रीतसर जोडणी करून घ्यावी. सिलिंडर ओट्याच्या पोटांत कोंडूं नये. तो वाऱ्याच्या आडव्या बाजूस, नळी न ताणतां जितका दूर राहील तितका ठेवावा. कारण वाऱ्याच्या वर ठेवल्यास त्याची गळती ज्योतीकडे जाते, आणि वाऱ्याखालीं ठेवल्यास ज्योतीची धग त्यावर येते. त्याच्या गळ्याजवळील पट्टीवर एक अक्षर व दोन आंकडे लिहिलेले असतात, तेही वाचावे. ए, बी, सी, डी हीं अक्षरें वर्षाच्या चार तिमाही दाखवितात. 'सी २७' म्हणजे सन २०२७ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत त्याची पुन्हा चांचणी होणें जरूर आहे. मुदत टळलेला सिलिंडर घेऊं नये.

नळी आय. एस. आय. छापाचीच असावी. घरांतील चांगली नळीसुद्धां पांच वर्षांनीं बदलावी लागते. अंगणांत तर ऊन व उंदीर दोन्ही तिच्यामागें लागतात. म्हणून काम संपतांच ती काढून घरांत ठेवावी, व बारीकशी भेग दिसली तरी टाकून द्यावी. उच्च दाबाच्या भट्टीस घरगुती नळी व रेग्युलेटर चालत नाहींत, हें आचाऱ्यास यजमानानें निक्षून सांगावें.

जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचें पाणी लावून पाहावें. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती कधींही शोधूं नये. पेटवितांना प्रथम लांब काडी, मग तोटी, हा क्रम सोडूं नये. ज्योत विझल्यास तोटी बंद करावी, निदान पांच मिनिटें थांबावें व वास गेल्याची खात्री करून मगच पुन्हा पेटवावें. काम आटोपल्यावर आधीं सिलिंडर बंद करावा, म्हणजे नळींत उरलेला गॅस जळून जातो. नंतर शेगडीची तोटी फिरवावी. थंडी लागते म्हणून मंडपाच्या चारी बाजू ताडपत्रीनें बंद करून आंत गॅसची शेकोटी लावणें हें सर्वांत वाईट. कोंडलेल्या जागेंत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु सांचूं शकतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि निजलेला मनुष्य त्यांत निजलेलाच राहतो.

इतकें करूनही गळतीनें पेट घेतला, तर जवळ जाऊन सिलिंडर बंद करणें शक्य असल्यास तो बंद करावा. शक्य नसल्यास ती ज्योत विझविण्याच्या भरीस न पडतां माणसें व जनावरें दूर न्यावीं. कारण ज्योत विझून गॅस सुटत राहिला, तर तोच सांचून पुढें एकदम पेटतो आणि अधिक अनर्थ करतो. गॅसगळतीची वर्दी १९०६ या क्रमांकावर व आगीची १०१ किंवा ११२ वर द्यावी. हे आंकडे ओट्याजवळच्या भिंतीवर रंगवून ठेवण्यास फारसा खर्च येत नाहीं.

दोन गोष्टी कागदोपत्रांच्या. घरगुती सिलिंडर धंद्यासाठीं वापरण्यास सन २००० च्या केंद्रीय आदेशानें मनाई आहे. पाहुण्यांकडून पैसे घेणाऱ्यानें १९ किलोचा व्यापारी सिलिंडरच घ्यावा. तसेंच, सरकारी तेल कंपन्यांनीं ग्राहकांसाठीं विमा उतरविलेला असतो खरा, परंतु त्यांत मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई ग्राहकाच्या नोंदलेल्या जागेपुरतीच आहे. जोडणी गांवांतील घराच्या पत्त्यावर आणि शेकोटी कोसभर दूरच्या मळ्यांत, अशी स्थिति असेल तर मळ्यांतील जळालेल्या छपराबद्दल भरपाई मागण्यास हातांत कागदच राहत नाहीं. तरी ज्यांचा असा प्रकार असेल त्यांनीं वितरकाकडे जाऊन वेळींच विचारणा करावी.

कांहीं मंडळी म्हणतील, "हा सारा खर्च व खटाटोप एका दिवसाच्या पंगतीसाठीं कोणीं करावा?" प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर एकेकट्यानें देण्यासारखें नाहीं. लग्नाचीं भांडीं व सतरंज्या सामाईक ठेवून भाड्यानें देण्याची रीत पुष्कळ गांवांत आहे. त्याच रीतीनें आपल्या संस्थेच्या प्रत्येक गांवच्या शाखेनें एक चांगली भट्टी, तिला योग्य अशी नळी व रेग्युलेटर, एक अग्निशामक व वाळूच्या दोन बादल्या असा संच ठेवावा. त्याबरोबर एक वहीही ठेवावी. नळी कधीं घेतली, संच कोणास दिला, सांधे कोणीं तपासले, आणि विस्तव पेटल्यापासून विझेपर्यंत तेथें कोण उभा राहणार, हे चार रकाने तींत असावे. चौथ्या रकान्यांत एकाच इसमाची सही घ्यावी, दोघांची नको. दोघांची सही झाली कीं पुन्हा सामाईक बांधाची गत होते. संचाचें भाडें गोळा होईल त्यांतूनच पुढें नवी नळी येईल.

आग लागल्यावर विहीर खणणाऱ्यास आपण हंसतों. आतां लग्नसराईपूर्वीं वही घालणें आपल्या हातीं आहे. येत्या वार्षिक सभेपुढें ही सूचना कोणीतरी सभासदानें मांडावी, व सभेनें तिचा विचार करावा, अशी सर्व शेतकरी बंधूंस माझी विनंति आहे.