दहा गेले, दोघे उरले!

दोस्तांनो, समजा तुमच्या कॉलनीत बारा जणांची क्रिकेट टीम आहे. सगळ्यांनी वर्गणी काढून बॅट, स्टंप घेतलेत आणि उरलेले पैसे एका डब्यात ठेवलेत. एके दिवशी त्यातले दहा जण म्हणतात, "पुढच्या वर्षीपासून आम्ही पलीकडच्या कॉलनीकडून खेळणार." मग डब्याची किल्ली कोणाकडे? जाणारे जास्त आहेत म्हणून त्यांच्याकडे? की टीम पुढे चालवायचीय म्हणून राहिलेल्या दोघांकडे?

हसू नका! अगदी अस्संच भांडण २०२३ साली अमेरिकेत कोर्टात गेलं. आणि भांडत कोण होतं? चक्क मोठमोठी विद्यापीठं!

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ भरवतो. अमेरिकेत मात्र विद्यापीठं आपापले गट करून खेळतात. अशा गटाला म्हणतात 'कॉन्फरन्स'. तिथल्या कॉलेज फुटबॉलचं लोकांना भारी वेड! टीव्ही कंपन्या सामने दाखवण्यासाठी कोट्यवधी डॉलर मोजतात आणि गटातली विद्यापीठं ते वाटून घेतात.

पश्चिमेकडच्या अशाच एका गटाचं नाव 'पॅक-१२'. त्याचं मूळ थेट १९१५ सालातलं. २०२२ मध्ये त्यातली लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं जास्त पैशांसाठी दुसऱ्या गटात जायला निघाली. पुढच्या वर्षी आणखी आठ जणांनी तोच रस्ता धरला. गंमत म्हणजे स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठं पॅसिफिक किनाऱ्यावरची, पण गेली 'अटलांटिक कोस्ट' नावाच्या गटात! मागे राहिली फक्त दोन : ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही लहान गावांतली. त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं.

जाणारे जाणार होते २०२४ च्या उन्हाळ्यात. तोवर गटाच्या कार्यकारी मंडळावर दहा मतं त्यांची, दोन यांची. दहा जणांनी ठरवलं असतं तर गट मोडून तिजोरी वाटून घेता आली असती! म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये दोघांनी वॉशिंग्टन राज्यातल्या कोर्टाचं दार ठोठावलं.

त्यांच्या हातात होता गटाचाच एक नियम. जो सभासद ठरलेल्या तारखेआधी सोडून जाण्याची नोटीस देईल, त्याची मंडळावरची जागा जाईल. जाणारे म्हणाले, "आम्ही अजून गेलोय कुठे? जाऊ तेव्हा बघू." त्यावर दोघांनी दाखवून दिलं, की लॉस एंजेलिसच्या दोघांनी जाण्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यांना मंडळाबाहेर ठेवलंच होतं. मग तोच नियम आता का नको?

नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांनी दोघांच्या बाजूने हुकूम दिला. मात्र बाकीच्यांवर अन्याय करायचा नाही, असंही बजावलं. डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. मग तडजोड झाली. जाणाऱ्यांनी आपल्या वाट्यातले काही पैसे सोडले आणि गटाचा कारभार दोघांकडे राहिला. २०२४ मध्ये तर गटात खरोखर दोनच विद्यापीठं होती! त्यांनी मग नवे सोबती शोधले. बॉइसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट अशा विद्यापीठांनी २०२६ पासून गटात यायचं ठरवलं.

म्हणजे बघा, दहा विरुद्ध दोन असूनही दोघं टिकली. ती काही ताकदीवर नव्हे, तर सगळे मित्र होते तेव्हा लिहून ठेवलेल्या एका नियमावर. भांडण झाल्यावर नियम करायला बसलं, तर प्रत्येक जण आपल्या सोयीचाच करणार ना?

तेव्हा आज संध्याकाळी खेळायला जाल, तेव्हा एक वही बरोबर न्या. "टीम सोडणाऱ्याला वर्गणी परत मिळेल का?" हा प्रश्न सगळ्यांना विचारा आणि जे ठरेल ते लिहून खाली सह्या करा. आईबाबांनाही विचारा, तुमच्या सोसायटीचे नियम त्यांनी कधी वाचलेत का?