गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून

'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज' हा गेम ७ मे २०२१ रोजी बाजारात आला. त्याच सुमारास त्याचे निर्माते त्सुयोशी कांदा मुलाखतीत सांगून गेले, की आधीचा सातवा भाग फारच भीतिदायक झाल्याची तक्रार काही लोकांनी केली होती, म्हणून या खेपेला ताण जरा सैल ठेवलाय. १९९६पासून याच मालिकेतून लोकांना घाबरवून पोट भरणाऱ्या कॅपकॉम कंपनीने हे असं चारचौघांत सांगावं! तिखट लागतं म्हणून मिसळवाल्याने कट पातळ करावा आणि पाटीवरचं 'झणझणीत' मात्र पुसू नये, त्यातला हा प्रकार.

पुढे स्टीम या ऑनलाइन गेम-बाजारातल्या खेळाडूंनी भरभरून मतं देऊन याच गेमला २०२१चा सर्वोत्तम गेम ठरवलं. म्हणजे गिऱ्हाईक तृप्त झालं. मी झालो नाही, आणि माझा राग गेम वाईट आहे म्हणून नाही. वाईट गेम बाजूला ठेवता येतो. हा गेम चांगला आहे, देखणा आहे, आणि त्याला स्वतःच्याच किल्ल्याची लाज वाटते.

होरेस वॉलपोलने १७६४ साली 'द कॅसल ऑफ ओट्रांटो' लिहिली, तेव्हापासून गॉथिक भयकथेचं सामान फारसं बदललेलं नाही. मोडका किल्ला, खानदानी पाप, तळघर, बंद दार, आणि त्या दारापुढे हात रिकामे असलेला कुणीतरी. 'व्हिलेज'मध्ये हे सगळं आहे. पूर्व युरोपातलं बर्फात बुडालेलं बिननावाचं गाव आहे. तिथे पैसे मोजायचे ते 'लेई'मध्ये, म्हणजे रुमानियाच्या चलनात. त्यामुळे ड्रॅक्युलाचा मुलूख फार लांब नाही, हे सांगायची गरज उरत नाही. चार उमराव आहेत, त्यांच्यावर मदर मिरांडा आहे, आणि पळवून नेलेल्या तान्ह्या लेकीला शोधत आलेला इथन विंटर्स आहे. फक्त त्याचे हात रिकामे नाहीत. पिस्तूल, शॉटगन, स्नायपर, ग्रेनेड लाँचर, सगळं एका पेटीत नीट रचून ठेवलेलं. पेटी अपुरी पडली तर मोठी करून मिळते. पैसे मोजा.

आता त्या चौघांतली किल्ल्याची मालकीण, लेडी दिमित्रेस्कू. गेम यायच्या आधीच ही बाई जगभर गाजली. टोपी आणि उंच टाचा धरून नऊ फूट सहा इंच, असं खुद्द कंपनीने जाहीर केलं होतं. मॅगी रॉबर्टसनने तिला आवाज दिला आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये अभिनयाचा पुरस्कार पटकावला. तो योग्यच होता. दिमित्रेस्कू दारातून आत येते तेव्हा तिला वाकावं लागतं. आधी दारात पांढरा झगा दिसतो, मग खाली येणारी टोपी, मग टोपीच्या काठाखालून आपल्याला शोधणारी नजर. एवढ्या एका हालचालीत किल्ला कुणाचा आणि उपरा कोण, हे कळून चुकतं. ज्याने कुणी हे वाकणं सुचवलं त्याला माझा नमस्कार.

आणि मग? मग तिचा पाठलाग म्हणजे ठरावीक वेळी येणारा पहारा होतो. ती येते, आपण दुसऱ्या दाराने निघतो. ड्यूक नावाच्या व्यापाऱ्याच्या खोलीत तर ती पाऊलच टाकत नाही. स्वतःच्या घरात मालकीण दुकानाच्या उंबऱ्यावरून मागे फिरते! तिच्या तीन मुली माश्यांच्या थव्याने बनलेल्या आहेत, त्यांना गोळी लागत नाही. कल्पना अंगावर काटा आणणारी आहे. पण पहिलीशी गाठ पडताच खिडकीची काच फुटते, थंड वारा आत येतो आणि ती दगडासारखी कडक होते. कोडं सुटलं. उरलेल्या दोघींसाठी तेच. एकदा भिंत फोडायची, एकदा छताचा झरोका उघडायचा. (पीसीवर या मुलींवर गोळ्या झाडताना गेमच गचके खायचा. त्याचं खापर चाचेगिरी रोखणाऱ्या कुलपावर फुटलं आणि जुलै २०२१मध्ये पॅच काढावा लागला. अख्ख्या किल्ल्यातलं खरं त्रासदायक कुलूप ते एकच, आणि तेही चाच्यांनी आधी उघडलं.)

या मुली मेल्या की त्यांचा स्फटिक होतो. तो स्फटिक आपण उचलतो, पेटीत टाकतो आणि ड्यूकला विकतो. त्यांची आईही शेवटी अशीच विकली जाते, चांगल्या भावाने. गेमला यात काही खटकत नाही. ड्यूक हसत हसत पैसे मोजतो आणि त्या पैशांत आपण शॉटगनचा दणका वाढवून घेतो. कोंबडी, मासे, डुकराचं मांस आणून दिलं तर तो स्वयंपाकही करून वाढतो, आणि ते जेवण जेवलं की आपली ताकद कायमची वाढते. आपली लेक चार बरण्यांत तुकडे होऊन पडलेली आहे, हे बापाला कळलेलं असतं. तरी तो कोंबड्यांमागे धावतो, कारण गेमने त्याला त्यासाठी बक्षीस लावलंय.

माझा खरा संताप नकाशावर आहे. एखाद्या खोलीत काही उचलायचं राहिलं असेल तर नकाशावर ती खोली लाल दिसते. सगळं उचललं की निळी. बस्स, संपला विषय. किल्ल्यातल्या अंधाऱ्या खोलीत शिरताना मनात यायला हवं, की आत काय असेल. इथे मनात येतं, की आत काय शिल्लक असेल. मी रात्री दिवे मालवून, कानांना हेडफोन लावून बसलो होतो, आणि मन लावून करत काय होतो, तर खोल्या निळ्या करत होतो. दिमित्रेस्कूच्या नखांचा आवाज जवळ आला तेव्हा मला भीती वाटली नाही. वैताग आला, कारण एक फुलदाणी फोडायची राहिली होती.

चाहते म्हणतील, हा साहसी गेम आहे, लूट हवीच. मग माझा त्यांना एकच प्रश्न: संपूर्ण गेममधला कुठला भाग तुम्हाला आजही आठवतो? उत्तर मला ठाऊक आहे. चार उमरावांतल्या बेनेविएंतोचं घर.

तिथे लिफ्टने तळघरात उतरायचं. आपली हत्यारं गायब होतात, पेटी रिकामी. टेबलावर बायकोची लाकडी बाहुली पडलेली, खरीखुरी तिच्याएवढी. तिचे सांधे एकेक करून सोडवायचे, अंगठी काढायची, अंगठीवरचं रक्त धुवायचं, तोंडात दडवलेली वस्तू शोधायची. हे आपल्याच हाताने करायचं असतं, आणि प्रत्येक सांधा सुटताना लाकडाचा बारीक आवाज होतो. मग दिवे जातात. कॉरिडॉरच्या टोकाला तान्ह्या पोराचं रडणं ऐकू येतं, आणि ते रडणं सरपटत आपल्याकडे येतं. जे येतं ते अर्धवट वाढलेलं, भलं मोठं अर्भक असतं. त्याला गोळी घालायला हातात काही नसतं. पलंगाखाली शिरायचं आणि ते वळून जाईपर्यंत फरशीकडे बघत पडायचं. ज्याने लेक गमावलीय, त्या बापाला हे दाखवणं क्रूर आहे आणि नेमकं आहे. त्या तळघरात ड्यूक नाही, स्फटिक नाहीत, विकत घेण्यासारखं काहीही नाही. कॅपकॉमला भय कसं पेरायचं हे शिकवावं लागत नाही. त्यांना ते येतं, आणि येत असून त्यांनी तासाभरात आवरतं घेतलं.

बरं, ते अर्भक म्हणजे काय होतं? फुलांच्या परागांमुळे झालेला भास. दिमित्रेस्कू? बुरशी आणि परजीवी. मिरांडाचा काळा देव? बुरशी. स्पॅनिश फ्लूने मुलगी गेल्यावर मिरांडाला गुहेत सापडलेली महाबुरशी. गावात पूर्वी येऊन गेलेला ओझवेल स्पेन्सर, ज्याने पुढे मालिकेतली अंब्रेला कंपनी काढली आणि जिचं चिन्हसुद्धा इथूनच उचललं? तोही याच बुरशीचा विद्यार्थी. गुहेतल्या कागदपत्रांत सगळ्याचा हिशेब लावून ठेवलाय. अतर्क्याचा खुलासा करायचा रिवाज जुना आहे, हे मला मान्य. अॅन रॅडक्लिफने १७९४ साली 'द मिस्टरीज ऑफ उदोल्फो'त तेच केलं. पण तिने आधी वाचकाला शेकडो पानं घाबरवून घेतलं आणि मग हिशेब दिला. इथे भीती बसायच्या आधीच पावती फाटते. इथनचा हात मनगटापासून कापला जातो, तो तुटलेला हात जागेवर धरून त्यावर औषधाची बाटली ओततो आणि हात चिकटतो. मी हसलो. मग शेवटी कळतं, की इथन सातव्या भागातच मेला होता आणि तेव्हापासून तोही बुरशीच आहे. खुलासा चोख आहे. पण त्यामुळे आधीचं हसू मागे घेता येत नाही, आणि ज्याचे अवयव असे चिकटतात त्याच्या जिवाची काळजी पूर्वलक्षी प्रभावाने वाटत नाही.

उरलेल्या दोन उमरावांचे मुक्काम, मोरोचं तळं आणि हायझेनबर्गचा कारखाना, यांबद्दल फार लिहीत नाही. कारखान्यात डोक्याच्या जागी विमानाचा पंखा लावलेला एक राक्षस आहे. शेवटी शेवटी रणगाड्यासारखी गाडी चालवत मारामारी करायची असते. गॉथिक तोवर दारातूनच परतलेलं असतं.

हे असंच करावं लागतं, असं कुणी सांगितलं तर खुशाल दुसरीकडे बोट दाखवा. स्वीडनमधल्या हेलसिंगबोरीच्या फ्रिक्शनल गेम्स या चिमुकल्या कंपनीने २०१० साली 'अॅम्नेशिया: द डार्क डिसेंट' काढला. साल १८३९, प्रशियातला ब्रेनेनबर्ग किल्ला, आणि नायकाकडे हत्यार एकही नाही. कंदिलाचं तेल संपत जातं, अंधारात राहिलं तर मन ढासळतं, राक्षसाकडे टक लावून पाहिलं तरी ढासळतं. त्यातल्या एका पाण्याने भरलेल्या तळघरात एक जनावर आहे, जे दिसतच नाही. पाण्यात फक्त पावलं उमटतात, छप छप, आपल्या दिशेने. खोक्यांवरून उड्या मारत जायचं, आणि मागे प्रेताचा एखादा तुकडा फेकून त्याला खायला गुंतवून ठेवायचं. त्या पाण्यात चित्रकाराला राक्षस काढावा लागला नाही. कॅपकॉमने दिमित्रेस्कूच्या टोपीवर जेवढी मेहनत घेतली, तेवढीही त्याला लागली नसेल.

'व्हिलेज'मध्ये ज्याचा खुलासा मिळत नाही असा एकच प्राणी आहे: ड्यूक. तू आहेस तरी कोण, असं इथन त्याला विचारतो, आणि ते आपल्यालाही ठाऊक नाही असं तो सांगतो. देव, राक्षस, पिशाच्च सगळ्यांची उत्तरं बुरशीत मिळाली. गूढ राहिला तो दुकानदार.

पुढे ऑक्टोबर २०२२मध्ये 'विंटर्स एक्स्पान्शन' हा गेमचा जोडभाग आला. त्यातल्या 'मर्सेनरीज' या खेळप्रकारात लेडी दिमित्रेस्कू आपल्याला खेळायला मिळते. जिच्या वाकण्याने पोटात गोळा यायचा, ती आता घड्याळ लावून लांडगेमानव कापत सुटते, आणि दर प्रेतामागे पडद्यावर गुण वाढत जातात.