दंड सरकारजमा, नुकसान रयतेचें

आमच्या परिचयाच्या एका पालकांस गेल्या उन्हाळ्यांत एक फोन आला. बोलणाऱ्यास मुलाचें नांव, इयत्ता, जन्मतारीख, इतकेंच नव्हे तर शिकवणीची फी ज्या बँकेच्या खात्यांतून भरली त्याचा क्रमांकही ठाऊक होता. एवढें जाणणारा मनुष्य परका कसा असेल, अशा भोळ्या समजुतीनें त्यांनीं मोबाइलवर आलेला आंकडा त्यास वाचून दाखविला आणि अठरा हजार रुपये गेले! ही सर्व माहिती त्या खाजगी शिकवणीवर्गाच्या संगणकांतून फुटली होती, असें मागाहून वर्गाच्याच पत्रावरून कळलें. पत्रांत खेद पुष्कळ होता; भरपाईचें नांव नव्हतें. आतां दाद कोणाकडे मागावी, असें त्यांनीं आम्हांस विचारिलें.

दाद मागण्यास जागाच नाहीं असें नव्हे. सन २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यांत मागाहून घातलेलें कलम ४३-अ हें २००९ सालीं अंमलांत आलें. संवेदनशील माहिती बाळगणाऱ्या संस्थेनें हयगय केली व त्यामुळें कोणाचें नुकसान झालें, तर तिनें भरपाई दिली पाहिजे, असें तें सांगतें. पांच कोटि रुपयांपर्यंतचे दावे न्यायनिर्णय अधिकारी ऐकतो. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याचे सचिवच हें काम पाहतात. मेख अशी कीं, २०११ च्या नियमांत पासवर्ड, बँकेचा तपशील, आरोग्याची हकीकत, बोटांचे ठसे इत्यादि संवेदनशील मानिले आहेत; नुसतें नांव, पत्ता व फोनचा क्रमांक त्यांत नाहींत. आमच्या स्नेह्यांचा खातेक्रमांक गेला होता, म्हणून त्यांस उभें राहण्यास जागा तरी मिळाली.

विश्वासानें दिलेली माहिती कोणी व्यापाऱ्यानें परक्याच्या हातीं दिल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं जिल्हा आयोगाकडेही जातां येतें. पैसे गेले असल्यास मात्र प्रथम, त्याच घटकेस, बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावें. ग्राहकाची चूक नसतां त्यानें कामाच्या तीन दिवसांत कळविल्यास त्याच्यावर बोजा पडूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं ठरविलें. आंकडा आपणच सांगितल्यामुळें आमच्या स्नेह्यांस ती वाट बंद झाली. आमच्या विद्यार्थ्यांनीं घरच्या वडीलधाऱ्यांस एवढें तरी अवश्य सांगावें.

आतां नव्या कायद्याविषयीं. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला. माहिती फुटल्यास ती ज्याची असेल त्या प्रत्येकास कळविलें पाहिजे, असें त्यांत आहे, हें उत्तम. रक्षणांत कसूर करणाऱ्यास २५० कोटि रुपयांपर्यंत दंड होऊं शकेल. पण हा दंड जातो भारताच्या संचित निधींत. ज्याचें गेलें त्यास त्यांतून कवडीही नाहीं. शिवाय हाच कायदा ४३-अ कलम काढून टाकतो. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेनें त्यास अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. खोटी वा क्षुल्लक तक्रार करणाऱ्या नागरिकास मात्र दहा हजारांपर्यंत दंड सांगण्यास हा कायदा विसरलेला नाहीं!

मोठ्या दंडाचें भय हेंच खरें औषध, असें कोणी म्हणेल. भय असावें, हें आम्हांसही मान्य आहे. पण शेजाऱ्याच्या बैलानें उभें पीक खाल्लें व बैलवाल्यानें कोंडवाड्यांत दंड भरला, म्हणून शेतकऱ्याची कणगी भरत नाहीं. युरोपांत २०१८ पासून अंमलांत असलेल्या कायद्यांत दंडही आहे आणि ८२ व्या कलमानें पीडितास भरपाईही आहे. पैशांचीच नव्हे, मनस्तापाचीही. आमच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २०१७ सालीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. हक्क ज्याचा मोडला त्यासच रिकाम्या हातानें परत पाठविणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. भरपाईचें कलम नव्या कायद्यांत घालावें, निदान जुनें राहूं द्यावें, असें आमचें मत आहे.

आमच्या स्नेह्यांनीं वर्गाचें पत्र, बँकेचा उतारा व फोनची तारीख-वेळ जोडून अर्ज मुंबईस पाठविला आहे. मागणी अठरा हजारांची आहे; मुंबईच्या खेपा किती पडतील, हें त्यांनीं अद्याप मोजलेलें नाहीं.