वेगाला रिंगण असावं
संसाराच्या चार गोष्टी

भगिनींनो, या खेपेला माळशिरसहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून ते देत नाही. पण पत्र मात्र थोडक्यात सांगते, कारण हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही.

त्या लिहितात, "ह्यांचं वय चौतीस. दुकान बरं चालतं, व्यसन कसलं नाही, मुलांवर माया आहे. पण मोटारसायकलचं वेड लग्नाआधीपासूनचं. पालखी महामार्ग रुंद झाल्यापासून दर रविवारी पहाटे पाच-सहा मित्र वेळापूरच्या बाजूला गाड्या पळवायला जातात. गेल्या वर्षी त्यांतला एक जण उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. त्याचा पाय अजून धड नाही. आता मित्रांनी ठरवलंय, चेन्नईला शर्यतीचा ट्रॅक आहे तिथं एक दिवस आपापल्या गाड्या चालवायच्या. हे म्हणतात, 'तिथं समोरून कुणी येत नाही.' माझा भिशीचा नंबर लागला आहे, त्यातलेच पैसे मागतात. सासूबाई म्हणतात, जाऊ दे, पुरुषमाणसाची हौस आहे. मला मात्र रात्र-रात्र झोप लागत नाही. जाऊ देऊ की अडवू?"

खरं सांगते, पत्र वाचून आधी माझाही जीव चरकला. आमच्याकडे राजदूत होती. तिच्या मागे बसून मी कितीदा तरी देवाचा धावा केला आहे. पण नुसत्या भीतीपोटी सल्ला देऊ नये, म्हणून हा ट्रॅकचा प्रकार काय असतो ते आधी समजून घेऊ.

चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला, इरुंगाट्टुकोट्टै इथं मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे. हा क्लब 1953 सालचा. पूर्वी त्यांच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या विमान धावपट्टीवर होत. 1990 च्या सुमारास हा कायमचा ट्रॅक झाला. एक फेरी साधारण पावणेचार किलोमीटरची, वळणं बारा. कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे, दिल्लीजवळ 2011 साली झालेलं बुद्ध सर्किट आहे. आपल्या कोल्हापुरातही मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. तेव्हा हे वेड आपल्याकडे अगदीच परकं नाही. आणि सासूबाईंना सांगा, ते पुरुषांचंही राहिलेलं नाही. बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्से हिने 2019 साली मोटारसायकलच्या बाहा विश्वचषकात महिलांचं विजेतेपद मिळवलं.

ट्रॅकचा दिवस म्हणजे शर्यत नव्हे. बक्षीस नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. सकाळी सगळ्यांना बसवून नियम सांगतात. नवखे एका गटात, सरावलेले दुसऱ्या गटात. एकेका गटाला पंधरा-वीस मिनिटं सोडतात आणि मग विश्रांती. पिवळं निशाण दिसलं की पुढे धोका आहे, कुणाला ओलांडायचं नाही. लाल निशाण म्हणजे सगळं थांबलं, हळूहळू परत या. सगळ्या गाड्या एकाच दिशेनं जातात. तिथं म्हैस आडवी येत नाही, कुत्रं येत नाही आणि अंधारात बिनदिव्याची उसाची ट्रॉलीही उभी नसते.

आता आपल्याच अंगणातली गोष्ट. आषाढीच्या वारीत नातेपुत्याहून माळशिरसला येताना माऊलींच्या पालखीचं गोल रिंगण पुरंदवड्याला, म्हणजे सदाशिवनगरला होतं. तुमच्यातल्या कितीजणी ते पाहायला गेल्या असतील! आधी चोपदार रिंगण लावून घेतात, माणसं मागे सरतात, वाट मोकळी होते आणि मगच अश्व सुटतात. माऊलींचा अश्व काय धावतो! पण रिंगण संपलं की तोच अश्व दिंड्यांबरोबर पावलापावलानं चालतो. रस्त्यावर तो कुणाच्या अंगावर धावून जात नाही. त्याला वेग नाही असं नाही, वेगाची जागा ठरलेली आहे.

म्हणून माळशिरसच्या भगिनी, माझं उत्तर असं: अडवायचं असेल तर रविवारची पहाट अडवा. ट्रॅक अडवू नका.

ताशी 60 च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते, 120 ला 33 मीटर. म्हणजे ट्रॉली दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर सरलं. पुढे, वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारी जागा दुप्पट नव्हे, चौपट लागते. ही जागा ट्रॅकच्या वळणाबाहेर मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. आपल्या रस्त्याकडेला बाभूळ असते, नाहीतर पुलाचा कठडा. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हाच आहे. मोटार वाहन कायद्याच्या 189 कलमात 2019 सालच्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. हे ह्यांना शांतपणे, जेवणं झाल्यावर सांगा. मित्रांसमोर नको.

पण ट्रॅकवर काही होत नाही असंही कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिथंही माणसं पडतात, हाडं मोडतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये याच ट्रॅकवर शर्यतीत पडून बंगळुरूचा अवघा 13 वर्षांचा मुलगा गेला. तेव्हा जाणाऱ्यानं तयारीनं जावं. पुढची यादी कापून ह्यांच्या हाती द्या, किंवा स्वतः मेकॅनिकपुढे उभं राहून करवून घ्या.

1. टायर झिजलेले, चिरलेले नकोत. हवा किती ठेवायची ते तिथल्या शिकवणाऱ्याला विचारावं.

2. ब्रेकचे पॅड पाहावेत. ब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा ओढतं. ओलावा धरलेलं ऑइल तापलं की उकळतं आणि ऐन वेळी ब्रेक पोकळ लागतो. दोन वर्षं बदललं नसेल तर आता बदलावं.

3. चेन फार सैल नको, फार ताठही नको. इंजिनातून ऑइल गळत असेल तर जाऊच नये. आपण पडू ते पडू, मागच्यालाही पाडू.

4. आरसे काढावेत. दिवे, इंडिकेटर यांना चिकटपट्टी लावावी, म्हणजे गाडी पडली तर काचा ट्रॅकवर पसरत नाहीत.

5. लेगगार्ड आणि साडीगार्ड काढायला सांगतात. वळणावर गाडी कलते तेव्हा ते जमिनीला टेकून माणूस फेकला जातो.

6. पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, चामड्याचा सूट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट. सूट काही ठिकाणी भाड्यानं मिळतो, आधी चौकशी करावी. आत सुती कपडे घालावेत. नायलॉन घर्षणानं वितळून कातडीला चिकटतं.

7. आदल्या रात्री वेळेवर झोप. सकाळी हलकं खाणं. मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत बाटलीत भरून द्या. त्या उन्हात चामड्याच्या कपड्यांत घामानं चक्कर येते आणि चक्कर आलेला माणूस वळण चुकतो.

जाण्या-येण्याचंही पाहा. चेन्नई आपल्यापासून हजार किलोमीटरच्या घरात. तेवढं चालवत जाऊन, दिवसभर ट्रॅकवर दमून पुन्हा रात्री परतायला निघणं म्हणजे ट्रॅकवर वाचवलेला जीव हमरस्त्यावर घालवणं. गाडी टेम्पोनं किंवा रेल्वेच्या पार्सलनं पाठवावी. रेल्वेला टाकी रिकामी करून द्यावी लागते आणि गाडीच्या कागदांची प्रत लागते.

आता पैशाचं. गाडीचा विमा काढलेला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कागद काढून वाचा. गाडीच्या विम्यात शर्यत, वेगाची चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. तेव्हा ट्रॅकवर गाडी मोडली तर खर्च आपलाच धरून चालावं. दवाखान्याचा विमा असेल तर त्यातही धाडसी खेळांबद्दल काय लिहिलं आहे ते एजंटाकडून समजावून घ्या. तिथं एका हमीपत्रावर सही घेतात. तेही वाचल्याशिवाय सही नको. रुग्णवाहिका आणि डॉक्टर हजर असतात ना, हे फी भरण्याआधी विचारावं. नसतील तर तो दिवस टाळावा.

भिशीचे पैसे मात्र देऊ नका. रागानं नव्हे, हिशोबानं. हौस ज्याची, खर्च त्याचा. दुकानातून महिन्याला थोडे बाजूला टाकू देत. साठायला सहा महिने लागले तर लागू देत. तेवढ्यात हौस उतरली, तर ती हौस नव्हतीच. नाही उतरली, तर माणूस तयारीनं जाईल. तुमच्या पैशांतून एकच वस्तू आणा, आयएसआय शिक्क्याचं चांगलं हेल्मेट. आणि एक नको, दोन आणा. मागे बसणारीलाही कायद्यानं ते लागतंच. "गावातल्या गावात कशाला" म्हणून आपणच ते खुंटीला टांगून ठेवतो.

बदल्यात शब्द घ्यायचा तो आधी घ्या, परत आल्यावर नव्हे: रविवारची पहाटेची धाव बंद. ती बंद होणार नसेल, तर ट्रॅकही नाही. ट्रॅकवर शिकलेलं रस्त्यावर दाखवायला लागलेल्या माणसापेक्षा न शिकलेला बरा. आणि त्या पाय मोडलेल्या मित्राला एकदा घरी जेवायला बोलवा. त्याच्याकडून ह्यांना जे कळेल, ते तुमच्या-माझ्या सांगण्यानं कळणार नाही.

शेवटची गोष्ट लहान आहे, पण विसरू नका. परत आल्यावर आरसे लावले का, दिव्यांवरच्या चिकटपट्ट्या काढल्या का, हे पाहा. लेगगार्ड आणि साडीगार्ड बसवून घ्या. नवऱ्याला घाई असते, म्हणतो पुढच्या आठवड्यात बसवू. साडीगार्ड बसेपर्यंत मागे बसू नका. पदर चाकात जायला ट्रॅक लागत नाही, बाजारापर्यंतचा रस्ता पुरतो.