फवारणीचे विष आणि घरातील दक्षता

सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण प्राणास मुकले. कपाशी पुरुषभर वाढलेली, हवा दमट आणि अंगावर साधे कपडे. अशा वेळी औषधाचे तुषार श्वासातून व घामेजल्या त्वचेतून शरीरात जातात. विष पोटातच जावे लागते, हा समज म्हणूनच घातक आहे.

वाचकहो, शेतावरून परतणाऱ्या माणसाची पहिली भेट बहुधा घरातील वडीलधाऱ्यांशी होते. त्याला अतिशय घाम येणे, लाळ गळणे, मळमळ वा उलटी होणे, अंधुक दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे, छाती दाटणे यांपैकी काही दिसल्यास ‘ऊन लागले असेल’ असे समजून त्याला झोपू देऊ नये.

प्रथम त्याला मोकळ्या हवेत आणावे. आपल्या हातांत रबरी मोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या घालून त्याचे कपडे उतरवावेत. केसांसह सर्वांग साबण व भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत औषध गेले असल्यास ते पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत. शुद्ध हरपली असेल, तर कुशीवर निजवावे. दूध, तूप, लिंबूपाणी देऊ नये. मुद्दाम उलटीही करवू नये. यांनी विष उतरत नाही, उलट अन्न वा उलटी श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. श्वासाचा त्रास असल्यास धुण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

औषधाच्या डब्यावरील लेबल किंवा त्याचे छायाचित्र सोबत न्यावे. ऑर्गनोफॉस्फेट वर्गातील विषावर अॅट्रोपिन हे प्रभावी औषध आहे. मात्र सर्व कीटकनाशकांवर एकच उतारा नसतो, म्हणून नाव कळणे महत्त्वाचे.

फवारणीचे कपडे रोजच्या रोज, घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. धुणाऱ्या हातांनाही बाधा होऊ शकते. रिकामे डबे पाण्यासाठी वा धान्यासाठी कधीही वापरू नयेत.

आणखी एक. रुग्णाला बरे वाटू लागल्यानंतरही एक ते चार दिवसांत श्वसनाचे स्नायू दुबळे पडू शकतात. रोजगार बुडतो म्हणून तो घरी येण्याची घाई करील. त्या वेळी डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत त्याला रुग्णालयातच थांबविणे, हे आपल्या वडीलकीचे काम आहे.